नकाशातला उंदीर नर आहे

काही पुस्तके वाचण्यासाठी नसतातच. रेल्वेचे वेळापत्रक, लॉगची कोष्टके, पंचांग ही पुस्तके आपण उघडतो, हवा तो आकडा घेतो आणि मिटून ठेवतो. त्यांचे परीक्षण लिहिण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. या वेळी आम्ही ते करायचे ठरवले आहे. पुस्तक आहे जॉर्ज पॅक्सिनॉस आणि चार्ल्स वॉटसन या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या दोन शास्त्रज्ञांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेले 'द रॅट ब्रेन इन स्टिरिओटॅक्सिक कोऑर्डिनेट्स', म्हणजे पांढऱ्या उंदराच्या मेंदूचा नकाशासंग्रह. मेंदूविज्ञानात सर्वाधिक उद्धृत झालेल्या पुस्तकांत त्याची गणना होते. जगभरच्या प्रयोगशाळांतील टेबलांवर ते उघडे पडलेले असते आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ते वाचणारा माणूस मात्र विरळाच.

या पुस्तकावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. नकाशा नर उंदराचा आहे. नर आणि मादीची कवटी सारखी नसते. मग मादीच्या मेंदूत सुई घालताना हा नकाशा चुकीची वाट दाखवत असणार. आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो. आम्हालाही तो प्रथम तसाच वाटला होता. पण थोडे खोलात गेल्यावर असे दिसते की आक्षेपाचा बाण लागतो खरा, पण नेमलेल्या जागी नव्हे.

सुरुवातीलाच शब्दांचा घोळ मिटवू. इंग्रजीतले रॅट आणि माऊस हे दोन वेगळे प्राणी आहेत. मराठीत आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो, आणि फार मोठा दिसला की घूस म्हणून मोकळे होतो (घूस हा आणखी तिसराच प्राणी). येथे विषय आहे तो रॅटचा, म्हणजे 'रॅटस नॉर्वेजिकस' या जातीच्या माणसाळलेल्या पांढऱ्या उंदराचा. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये १९०६ च्या सुमारास त्याची पैदास पद्धतशीरपणे सुरू झाली. त्या वंशाला आजही विस्टार म्हणतात.

आता नकाशा कसा वापरतात ते पाहू. मेंदू कवटीत बंद असतो. त्यातल्या एखाद्या वाटाण्याहून लहान भागापर्यंत बाहेरून पोहोचायचे तर कवटीवर कुठेतरी शून्याची खूण हवी. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर आपण जिथे तेल जिरवतो ती टाळू आठवा. टाळू भरली की तिथे कवटीच्या हाडांच्या शिवणी एकमेकींना मिळतात. त्या बिंदूला ब्रेग्मा म्हणतात. उंदराच्या कवटीवरही आडवी शिवण आणि मधली उभी शिवण जिथे छेदतात तो ब्रेग्मा. मधली शिवण मागे जाऊन मागच्या शिवणीला मिळते तो लॅम्डा. ग्रीक लॅम्डा अक्षरासारखा आकार तिथे दिसतो म्हणून हे नाव. तिसरी खूण म्हणजे दोन्ही कानांच्या छिद्रांना जोडणारी काल्पनिक रेषा. लंडनच्या व्हिक्टर हॉर्स्ली आणि रॉबर्ट क्लार्क यांनी १९०८ साली जे उपकरण वर्णन केले त्याच्याच धर्तीवरच्या चौकटीत भूल दिलेल्या उंदराचे डोके पक्के धरले जाते: कानात दोन दांड्या आणि पुढचे दात एका आडव्या पट्टीवर अडकवलेले. मग नकाशातले आकडे बघायचे. ब्रेग्मापासून इतके मिलिमीटर मागे, मध्यरेषेपासून इतके बाजूला, इतके खोल. भूगोलाच्या तासाला अक्षांश-रेखांश शिकवणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पॅक्सिनॉस आणि वॉटसन यांच्या आधीही असे नकाशे होते. पण यांनी कवटी सपाट धरण्याची पद्धत रूढ केली. ब्रेग्मा आणि लॅम्डा एकाच उंचीवर आणायचे, की झाले. शिवाय प्रत्येक उभ्या छेदाच्या चित्राजवळ दोन आकडे छापले: कानांच्या रेषेपासूनचे अंतर आणि ब्रेग्मापासूनचे अंतर. या दोन खुणांमध्ये पुढे-मागे ९ मिलिमीटर आणि वर-खाली १० मिलिमीटर अंतर धरलेले आहे. पुस्तक लोकप्रिय झाले ते या सोयीमुळे, आणि ते योग्यच होते. चित्रे स्वच्छ आहेत, नावांच्या खुणा नेटक्या आहेत.

हे ९ आणि १० मिलिमीटर कोणाच्या कवटीचे? पुस्तक ते लपवत नाही. प्रौढ नर विस्टार उंदीर, सरासरी वजन सुमारे २९० ग्रॅम. मुंबईसाठी गणित केलेले पंचांग नागपुरात वापरले तर सूर्योदयाची वेळ सुमारे २५ मिनिटांनी चुकते. त्यासाठी पंचांगात स्थानिक फरकाचे कोष्टक देतात. या पंचांगातले गाव म्हणजे २९० ग्रॅमचा नर. प्रश्न असा, की मादीचे गाव किती लांब आहे आणि कोणत्या दिशेला?

जन्मतः उंदराची पिल्ले पाच-सहा ग्रॅमची असतात आणि नर-मादीत जवळपास काही फरक नसतो. पाच-सहा आठवड्यांनंतर, वयात येण्याच्या सुमारास, नर पुढे निघतो. पूर्ण वाढलेली मादी साधारण २५० ते ३०० ग्रॅमची, तर नर ४५० ग्रॅमच्याही पुढे जातो. यामागची यंत्रणा मोठी गमतीची आहे. नर उंदराच्या रक्तात वाढीचे संप्रेरक सुमारे तीन-साडेतीन तासांनी उसळी घेते, मधल्या वेळात जवळजवळ नाहीसे होते. मादीत ते अधिक सलग, कमी चढउताराने झिरपत राहते. हाडांना आणि यकृताला केवळ संप्रेरक किती आले एवढेच कळत नाही, ते कोणत्या तालावर आले हेही कळते. नराचा ताल वाढीला अधिक पोषक ठरतो. त्यातच उंदराच्या लांब हाडांची टोके माणसासारखी लवकर बंद होत नाहीत, त्यामुळे वाढ दीर्घकाळ रेंगाळते.

कवटी मात्र सगळीकडे सारखी वाढत नाही. मेंदूभोवतालची पेटी लवकर वाढते आणि लवकर थांबते, कारण मेंदूची वाढही लवकर आटोपते. नाकाडाचा आणि जबड्याचा भाग मागाहून वाढतो आणि बराच काळ वाढत राहतो. लहान मुलाचे कपाळ मोठे व चेहरा छोटा का दिसतो, त्याचेही कारण हेच. त्यामुळे प्रौढ नराची कवटी मादीच्या कवटीपेक्षा नुसती मोठी नसते, ती वेगळ्या प्रमाणाची दिसते: तोंडाचा भाग लांबट, स्नायू धरणारे कंगोरे ठळक. मादीची कवटी त्या मानाने आखूड तोंडाची आणि गोलसर पेटीची.

येथे जरा थांबायला हवे, कारण नेमक्या याच ठिकाणी पुष्कळ लेखक घसरतात. वेगळे प्रमाण दिसले की ते लगेच 'नराचा आकार' आणि 'मादीचा आकार' असे दोन साचे कल्पितात. पण एक काल्पनिक हिशेब करून पाहा. समजा, एका कोवळ्या उंदराच्या कवटीची लांबी ३६ मिलिमीटर आहे, त्यात पेटी २० आणि तोंड १६. म्हणजे तोंडाचा वाटा ४४ टक्के. हाच नर मोठा होऊन कवटी ४४ मिलिमीटरची झाली: पेटी २१.५, तोंड २२.५. तोंडाचा वाटा ५१ टक्के. प्रौढ मादीची कवटी ४१ मिलिमीटरची: पेटी २१, तोंड २०. वाटा सुमारे ४९ टक्के. प्रौढांची तुलना केली तर ५१ आणि ४९, म्हणजे आकारात फरक आहे. आता विचारू, हा नर स्वतः ४१ मिलिमीटरवर होता तेव्हा त्याचे तोंड किती होते? एकूण ८ मिलिमीटर वाढीत तोंड ६.५ ने वाढले, तर पहिल्या ५ मिलिमीटर वाढीत सुमारे ४ ने. म्हणजे १६ अधिक ४, बरोबर २०. अगदी मादीइतके! दोघे एकाच रस्त्याने चालले होते, मादी तीन मिलिमीटर आधी थांबली, इतकेच.

आम्ही मुद्दाम आकडे असे निवडले की फरक पुरता नाहीसा व्हावा. खऱ्या मोजमापांत तो नेहमी इतका सुबकपणे नाहीसा होतोच असे नाही. परंतु कोणत्याही लेखात 'नर-मादीच्या कवटीचा आकार भिन्न' असे विधान दिसले की पहिला प्रश्न हाच: आकारमान वजा केल्यावर काय उरते? त्यासाठी कवटीवर ठरावीक बिंदू घेऊन, सर्व कवट्या गणिताने एका मापाच्या करून, मग बिंदूंची मांडणी ताडून पाहण्याची पद्धत गेल्या काही दशकांत विकसित झाली. या पद्धतीला प्रोक्रुस्टीस या ग्रीक दंतकथेतल्या दुष्टाचे नाव आहे. तो पाहुण्याला खाटेवर झोपवून खाटेच्या मापाचा करी, लांब असला तर पाय कापून आणि आखूड असला तर ताणून. गणितज्ञांनी नाव गमतीने दिले असेल, पण इशारा म्हणूनही ते वाईट नाही. एका मापाचे केल्यावरही, वाढीबरोबर प्रमाण जे बदलते ते उरतेच. ते वेगळे वजा करावे लागते, आणि विसरले जाते तेच.

या क्षेत्रात सरावासाठी वापरली जाणारी सर्वात प्रसिद्ध आकडेवारी उंदरांचीच आहे. डेन्मार्कच्या हेनिंग व्हिल्मान यांनी क्ष-किरण चित्रांवरून २१ उंदरांच्या कवट्यांवरचे ८ बिंदू वयाच्या ७ व्या दिवसापासून १५० व्या दिवसापर्यंत आठ वेळा मोजले. त्यात आपले ब्रेग्मा आणि लॅम्डा आहेतच. पण आठही बिंदू मेंदूच्या पेटीवरचे. ज्या तोंडाच्या भागात नर-मादीचा फरक अधिक उठून दिसतो, तो त्यात नाही. ज्यावर पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी हात बसवतात त्या उदाहरणात प्रश्नाचा अर्धा भाग गाळलेला असावा, हे आम्हाला खटकते.

आता मूळ आक्षेपाकडे. नकाशावर टीका करणारे बहुतेक जण एक गोष्ट सांगत नाहीत: लेखकांनी स्वतःच ही शंका तपासली होती. १९८५ साली पॅक्सिनॉस आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या लिंगाचे, वेगळ्या वंशाचे आणि वेगळ्या वजनाचे उंदीर घेऊन नकाशा किती चुकतो हे मोजले. निष्कर्ष असा, की वजन २९० ग्रॅमच्या आसपास असेल तर मादीसाठी आणि इतर वंशांसाठीही नकाशा चालतो. पण १८० ग्रॅमचा कोवळा किंवा ४३६ ग्रॅमचा थोराड विस्टार घेतला तर चूक लक्षणीय होते. त्यावर त्यांनी उपायही सुचवला: मेंदूच्या पुढच्या भागासाठी ब्रेग्मापासून मोजा, मागच्या भागासाठी कानांच्या रेषेपासून. ज्या खुणेच्या जवळ जायचे तिच्यापासून मोजले की चूक साठायला वाव कमी, हा साधा विचार त्यामागे आहे. आपल्याच पुस्तकाच्या मर्यादा तीन वर्षांत मोजून छापणारे लेखक थोडेच. याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

तेव्हा 'नराचा नकाशा म्हणून मादीसाठी चुकीचा' हा आक्षेप सरळसरळ टिकत नाही. सुई घालणाऱ्याच्या दृष्टीने नर-मादीपेक्षा वजन महत्त्वाचे. आमचे म्हणणे यापुढचे आहे. २९० ग्रॅमचा नर आणि २९० ग्रॅमची मादी ही जोडी वजनाने सारखी, पण वयाने नाही. नर या वजनाला येतो तेव्हा तो तरुण असतो, अजून भराभर वाढत असतो. मादीसाठी २९० ग्रॅम म्हणजे जवळपास पूर्ण वाढ. वजन जुळवले की वय बिघडते, वय जुळवले की वजन. प्रयोग करणारे लोक प्राणी मागवतात ते बहुधा वयाने, 'दहा आठवड्यांचे नर व माद्या द्या' असे. म्हणजे ज्या अटीवर नकाशा मादीसाठी चालतो ती अट मोडूनच प्रयोगाची सुरुवात होते. १९८५ च्या निष्कर्षातला पहिला भाग, मादीसाठी चालतो, सर्वांच्या लक्षात राहिला. 'वजन तेवढेच असेल तर' हे शेपूट गळाले.

अशीच गत दातांच्या पट्टीची. कवटी सपाट करण्यासाठी पट्टी शून्यापेक्षा सरासरी ३.३ मिलिमीटर खाली घ्यावी लागली असे पुस्तकात आहे, आणि त्यापुढे अधिक-उणे ०.४ असे लिहिले आहे. लोकांनी ३.३ उचलले आणि ०.४ सोडून दिले. पट्टी ३.३ वर घट्ट करून ठेवलेली आणि ब्रेग्मा-लॅम्डा मोजण्याचे कष्ट कोणी घेत नाही, हे दृश्य नवलाचे नाही. आता पाहा, कानापासून दातांपर्यंत समजा ३० मिलिमीटर अंतर आहे. त्याच घडणीच्या, पण २८ मिलिमीटर अंतराच्या लहान कवटीला किती लागेल? त्रैराशिकाने ३.०८. फरक ०.२ चा, म्हणजे पुस्तकाने दिलेल्या मर्यादेतच. त्याने फारसे बिघडत नाही. पण प्राणी फार लहान किंवा फार मोठा असेल, तोंडाचे प्रमाणही बदललेले असेल आणि पट्टी १ मिलिमीटरने चुकली, तर डोके एक तीसांशाने कलते, आणि ब्रेग्माच्या ८ मिलिमीटर खाली असलेले लक्ष्य पाव मिलिमीटरहून अधिक सरकते. मेंदूच्या तळाशी एकेक केंद्र मिलिमीटरहूनही लहान असते, हे ध्यानात घेतले की पाव मिलिमीटर ही क्षुल्लक गोष्ट राहत नाही.

त्याच तळाच्या भागात नकाशाची खरी, टाळता न येणारी उणीव आहे. १९७८ साली रॉजर गोर्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवले की उंदराच्या मेंदूत, हायपोथॅलॅमसच्या पुढच्या बाजूस, पेशींचा एक छोटा पुंजका नरात मादीपेक्षा कित्येक पट मोठा असतो. छेद रंगवल्यावर हा फरक नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येतो. येथे शून्य बरोबर, अंतर बरोबर, सुई बरोबर, आणि तरीही नकाशात जे चित्र आहे ते मादीच्या मेंदूत तसे नाही. वजन जुळवून हा फरक जात नाही. शहराचा पत्ता अचूक असून त्या जागी दुसरीच इमारत उभी असावी तसे.

हे सर्व एका पुस्तकापुरते असते तर आम्ही एवढी पाने खर्च केली नसती. लॅरी स्वॉन्सन यांचा १९९२ चा नामांकित नकाशा घ्या: नर, स्प्रॅग-डॉली वंशाचा, ३१५ ग्रॅम. संगणकासाठी २०१४ साली तयार झालेला त्रिमितीय वॅक्सहोम नकाशा घ्या: ८० दिवसांचा, जवळपास ४०० ग्रॅमचा नर, तोही स्प्रॅग-डॉली. प्रत्येक वेळी निवड समजण्यासारखी होती, कारण बहुतेक प्रयोग नरांवरच होत होते. आणि प्रयोग नरांवर का? हाताशी नकाशे होते ते नरांचे, हे त्याचे एकमेव कारण नसले तरी एक कारण नक्कीच असावे. ॲनालीस बीअरी आणि आयर्विंग झुकर यांनी २००९ चे शोधनिबंध चाळून २०११ साली जो आढावा दिला त्यात दहापैकी आठ जीवशास्त्रीय शाखांत नर प्राण्यांचे पारडे जड होते. मेंदूविज्ञानात एकाच लिंगाचे प्राणी वापरणारे अभ्यास पाहिले तर मादीच्या एका अभ्यासामागे नराचे साडेपाच!

यासाठी दिले जाणारे कारण म्हणजे मादीचे चार-पाच दिवसांचे ऋतुचक्र. त्याने आकडे फार हलतात असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. सांगितले गेले, मोजले फारसे गेले नाही. २०१४ साली लहान उंदरांच्या आणि २०१६ साली रॅटच्या प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांचा आढावा घेऊन पाहिले, तर माद्यांचे आकडे नरांपेक्षा अधिक विखुरलेले नव्हते. नर एकत्र ठेवले की त्यांच्यात वरचढ आणि दबलेले असे प्रकार पडतात आणि त्यांची संप्रेरके हलतात, ही गोष्ट कोणी अडचण म्हणून मोजत नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २०१६ साली धोरणच लागू केले, की अनुदान मागणाऱ्याने प्राण्यांच्या लिंगाचा विचार प्रयोगाच्या आखणीत करावा.

शिक्षकांना यातून वर्गात नेण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी उंदराची गरज नाही. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या मुलामुलींची उंची आणि डोक्याचा घेर टेपने मोजून आलेखावर मांडा, मुलांचे टिंब एका रंगाचे, मुलींचे दुसऱ्या. मग विचारा, दोन रंगांच्या दोन रेषा आहेत की एकाच रेषेवर कोणी पुढे आणि कोणी मागे आहे? प्रत्येक इयत्तेची सरासरी वेगळी काढली तर उत्तर बदलते का? मात्र डोक्याच्या घेरावरून कोणी बुद्धीकडे वळले तर तिथेच थांबवा. पॅरिसच्या पॉल ब्रोकांनी एकोणिसाव्या शतकात स्त्री-पुरुषांच्या मेंदूंची वजने घेतली तेव्हा स्त्रियांचे शरीर लहान असते हे त्यांना ठाऊक होते. तरीही सगळा फरक त्याने भरून निघतो की नाही हे न तपासताच उरलेला फरक त्यांनी बुद्धीच्या खात्यात टाकला. कवटीवरच्या खुणांची नावे आपण त्याच परंपरेतून घेतलेली आहेत.

पुस्तकाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या, १९८६ ची दुसरी, १९९८ ची चौथी, २००७ ची सहावी. चित्रे वाढली, रंग आले, छेद अधिक जवळजवळचे झाले. आमची मागणी त्या मानाने किरकोळ आहे. एक कोष्टक हवे: ठरावीक वयांच्या नर व मादीचे वजन, ब्रेग्मा-लॅम्डा अंतर, कानांच्या रेषेचे अंतर आणि दातांच्या पट्टीची उंची, प्रत्येकापुढे अधिक-उणे. आणि प्रत्येक छेदाजवळ कानांच्या रेषेचा आणि ब्रेग्माचा आकडा जिथे छापतात, त्याखाली बारीक अक्षरांत 'नर, २९० ग्रॅम' एवढे लिहायला जागा आहे.